'लाइन' म्हणजे रांग नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत शिकागोच्या चान्स द रॅपरच्या 'स्टार लाइन' या अल्बमविषयीचा मजकूर वाचला. तरुणांचे ते पान एरवी आमच्याकडे शेंगा सोलायला खाली अंथरले जाते. पण अल्बमच्या नावाचा 'ताऱ्यांची रांग' हा अर्थ दिसला आणि शेंगा बाजूला सारून चष्मा लावला.

मी बॅलार्ड इस्टेटच्या सिंदिया हाउसमध्ये बरीच वर्षे खर्डेघाशी केली. आमच्या धंद्यात लाइन म्हणजे जहाज कंपनी. 'माल कुठल्या लाइनने टाकलात?' हे दिवसातून पन्नासदा कानावर पडे. ही स्टार लाइनही तशीच. मार्कस गार्वी या जमैकन पुढाऱ्याने १९१९ साली अमेरिकेत 'ब्लॅक स्टार लाइन' काढली. कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या बोटी हव्यात म्हणून पाच डॉलरला एक शेअर. घरकाम करणाऱ्या बायकांनीही तो पोटाला चिमटा काढून घेतला. गंमत म्हणजे त्याच वर्षी ५ एप्रिलला वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी मंडळींच्या सिंदिया या जहाज कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून जेरीस आणले तरी आमची कंपनी तगली. गार्वीने मात्र 'यारमथ' ही जुनाट बोट १,६५,००० डॉलर मोजून गळ्यात बांधून घेतली. १९२२ मध्ये कारभार आटोपला.

चान्सने हे नाव उगाच घेतलेले नाही. २०२३च्या जानेवारीत त्याने आणि व्हिक मेन्सा या दुसऱ्या रॅपरने अक्राला, घानाच्या राजधानीत, ब्लॅक स्टार लाइन याच नावाने संगीत महोत्सव भरवला. घानाच्या झेंड्यावरचा काळा तारा गार्वीच्या बोटींवरूनच आलेला. म्हणूनच लेखातला 'सहा वर्षांचा अज्ञातवास' पटत नाही. २०२२ मध्ये त्याची सुटी गाणी येत होती, पुढच्या वर्षी तो 'द व्हॉइस' या टीव्ही स्पर्धेत नवख्यांना शिकवत होता. अल्बम नव्हता, इतकेच.

तो का नव्हता, यावर खरे तर दोन ओळी हव्या होत्या. हा गडी कुठल्याच रेकॉर्ड कंपनीचा बांधलेला नाही. २०१६चे 'कलरिंग बुक' दुकानात आलेच नाही, नुसते स्ट्रीमिंगवर आले आणि तरी ग्रॅमी घेऊन गेले. असा मान मिळवणारा तो पहिला अल्बम. मग २०१९ मध्ये 'द बिग डे'. बावीस ट्रॅक, सव्वा तासाहून जास्त. समीक्षकांनी सोलून काढले. डोक्यावर कंपनी असती तर कोणीतरी आठदहा गाणी खाली उतरवली असती. पण मग वर्षभरात 'पुढचा माल कुठे?' म्हणून तगादाही लागला असता. स्वतःची बोट धक्क्याला किती दिवस उभी ठेवायची हे मालक ठरवतो, बोट जास्त थांबल्याचा दंड, म्हणजे डेमरेज, तोही त्याच्याच खिशातून जातो. चान्सने सहा वर्षे तो भरला. 'पुनरागमन' म्हणताना हा हिशेब आला असता तर लेखाला वजन आले असते. अल्बम आला तो २०२५च्या १५ ऑगस्टला, ही तारीख तरी आपल्याला दिसायला हवी होती!

मला रॅप कळते असा दावा नाही. शब्द इतक्या वेगाने जातात की तिसरी ओळ येईस्तोवर पहिली हरवते. नातीने कानात इअरफोन घालून गायिका जमिला वुड्सबरोबरचे 'नो मोअर ओल्ड मेन' तेवढे दोनदा ऐकवले. गाण्याचे नाव सांगताना ती माझ्याकडे बघून हसत होती. दुरुस्ती छापलीत तर कात्रण तिच्या टेबलावर ठेवीन म्हणतो.

— सिंदियाचा एक निवृत्त कारकून, डोंबिवली