वरचे दूध आणि उलटी छापलेली माहिती

संपादक महोदय,

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे बालरोगतज्ज्ञ हूसेन कूवाडिया यांच्यावरचा कालचा लेख वाचला. मुंबईत डॉक्टरकी शिकलेल्या या माणसाची ओळख मराठी वाचकांना करून दिलीत, त्याबद्दल आभार. पण लेखासोबतच्या चौकटीत ‘एचआयव्ही असलेल्या आईने अंगावरचे दूध कमी करून जोडीला वरचे दूध द्यावे’ असे छापले आहे, ते त्यांच्या कामाच्या नेमके उलट आहे. एखाद्या घरी हा सल्ला कुणी पाळला तर बाळाच्या जिवावर बेतेल.

त्यांच्या चमूच्या डर्बनमधल्या १९९९च्या अभ्यासात तीन महिन्यांच्या वयाला निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांत एचआयव्हीची लागण १४.६ टक्के होती, दोन्ही दुधे घेणाऱ्यांत २४.१. पुढे २००७मध्ये क्वाझुलू-नाताल प्रांतात दिसले की अंगावरच्या दुधासोबत घट्ट आहार सुरू केला तर धोका सुमारे ११ पट होतो. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत वरच्या दुधावरची सुमारे १५ टक्के बाळे दगावली, निव्वळ अंगावरची ६ टक्के. हे आकडे सर्व मातांना आजन्म औषधे मिळू लागण्याआधीचे आहेत, पण वरच्या खाण्या-पिण्याने तान्ह्या आतड्याचे अस्तर दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असे मानले जाते. आपल्याकडे ‘वरचे’ म्हणजे फक्त गाईचे दूध नव्हे. गुटी, मधाचे बोट, साखरपाणी, ग्राइप वॉटर, सगळे त्यात आले. डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि थेंब तेवढे चालतात.

चौकटीत खरे तर हे हवे होते: आईची टीएलडी गोळी (एचआयव्हीवरची तीन औषधे एकत्र असलेली) रोज, न चुकता; गोळ्या चुकल्या की विषाणू रक्तात वाढतो, तसा दुधातही. बाळाला जन्मल्याबरोबर लागण टाळण्यासाठीचे नेविरापिन सिरप, अडीच किलोच्या वरच्या बाळाला दिवसातून एकदा दीड मिली, सहा आठवडे. आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील तर मुदत आणि औषधे डॉक्टर वाढवतात. मोजायला सिरिंजच हवी, घरातल्या चमच्याने माप हमखास चुकते. स्तनाग्राला चीर पडली किंवा गळू झाले तर बरे होईपर्यंत त्या बाजूचे दूध पिळून टाकायचे, दुसऱ्या बाजूने पाजायचे. सहाव्या आठवड्याला टाचेचे रक्त तपासायला द्यायचे. तो अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी पुढच्या तपासण्या सोडायच्या नाहीत, कारण अंगावर पाजणे चालू असते. बाळाला लागण आहे की नाही, याचा शेवटचा निर्णय अठरा महिन्यांना.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत बाईचा चेहरा धूसर केलात, पण गाव, नवऱ्याचा धंदा आणि बाळाचे वय छापलेत. गावात एवढ्यावरून ओळख पटते. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय अशी माहिती उघड करता येत नाही. संमती घेतली होती का, हे कृपया कळवावे. नसेल तर तो मजकूर आजच संकेतस्थळावरून काढावा आणि चौकटीची दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सोलापूर