संगणक बदलताना प्रिंटरची सेटिंगही सांभाळा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून आमच्या भागातल्या पतसंस्था, दूध संस्था आणि शाळांमध्ये जुने संगणक जाऊन नवे येताना मी बघते आहे. खानापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रिंटर अडला की आसपासच्या गावांतून मला बोलावणं येतं, आणि हल्ली जिथे जावं तिथे दुखणं एकच. म्हणून हे पत्र.

कुठेही विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बॅकअप घेतलाय की!’ तो असतो खातेवहीच्या सॉफ्टवेअरचा, वर्ड-एक्सेलच्या फायलींचा. प्रिंटरची सेटिंग त्यात कधीच नसते. जुनं मशीन फॉरमॅट होऊन विकलं गेलं की दहा-पंधरा वर्षं जमवत आणलेली कागदाची नि समासांची मापं त्याच्याबरोबर जातात.

घरच्या प्रिंटरचं एवढं अडत नाही, ए-फोर कागद घालून काम भागतं. संस्थेतल्या डॉट मॅट्रिक्सचं (शाईच्या फितीवर टाचण्यांचे ठोके देऊन छापणाऱ्या प्रिंटरचं) तसं नाही. तिथला सलग, म्हणजे घड्यांनी जोडलेला कागद बहुधा १० बाय १२ इंची. इंचाला ६ ओळी, म्हणजे पानाला ७२. नव्या संगणकावर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला आणि कागद ११ इंची ‘लेटर’ राहिला, तर ६६ ओळींनाच पान संपतं. दर पानाला छपाई एक इंच वर सरकते आणि सातव्या पानाचं शीर्षक कागदाच्या बरोबर मध्यावर येतं. कर्मचारी बिचारे बाजूची मूठ फिरवून प्रत्येक पान हाताने जुळवत बसतात आणि ‘प्रिंटर म्हातारा झाला’ म्हणतात. प्रिंटर ठणठणीत असतो.

पासबुकाचं याहून नाजूक. एका गावात मी काउंटरजवळ उभी असताना एक आजी पासबुक घेऊन आल्या. छपाई अर्धा इंच डावीकडे सरकली होती, त्यामुळे शिल्लक रकमेचा आकडा ‘नावे’च्या रकान्यात पडला होता. सगळे पैसे कुणीतरी काढले असं वाटून आजींचे हात थरथरत होते. संस्थेची खातेवही दाखवून समजूत काढली, पण घरी जाऊन त्या मुलाला पासबुकच दाखवणार ना? खातेदाराच्या हातात संस्थेचा तेवढाच कागद असतो. म्हणून ही बाब मला किरकोळ वाटत नाही.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी सोय आहे. स्टार्टमध्ये ‘प्रिंटबीआरएमयूआय’ (PrintBrmUi) टाइप केलं की प्रिंटर मायग्रेशनची (प्रिंटरची सेटिंग हलवण्याची) खिडकी उघडते. तिथून प्रिंटर, ड्रायव्हर आणि पोर्ट (प्रिंटर जोडायची जागा) एका फाइलमध्ये घेता येतात आणि नव्या मशीनवर ती फाइल परत भरता येते. होम आवृत्तीत ही खिडकी नसते, हे खरेदीच्या वेळीच ध्यानात घ्यावं. परत भरताना ‘ओव्हरराइट’ (आधीच्याच प्रिंटरवर भरा) निवडलं नाही तर एकाच प्रिंटरच्या दोन-दोन प्रती तयार होतात आणि कोणती खरी हे कुणालाच कळत नाही.

मात्र नुसती फाइल घेऊन भागत नाही. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ आणि ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. पहिली त्या-त्या युजरपुरती, दुसरी साऱ्या मशीनची. आपले लोक कागदाचं माप पहिल्या जागी भरतात, बॅकअपमध्ये जाते दुसरी. मग फाइल बिनचूक भरली जाते, प्रिंटर दिसतो, आणि माप मात्र गायब! बॅकअपच्या आधी ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये तेच माप भरून ठेवावं. पासबुकासाठी वेगळा फॉर्म (कागदाचं नाव दिलेलं माप) केला असेल तर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधून त्याचं नाव, लांबी, रुंदी, समास एका कागदावर उतरवून कपाटात ठेवावं. पेन ड्राइव्ह हरवतो, तो कागद फायलीत राहतो.

दुसरा अडसर जुन्या ३२ बिटच्या (विंडोजच्या जुन्या बांधणीच्या) मशीनचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे जुना ड्रायव्हर त्यावर चालत नाही. अशा वेळी कंपनीचा ६४ बिटचा ड्रायव्हर टाकून कागदावरची मापं हाताने भरणं हाच सरळ मार्ग. पोर्टही बघावा. जुनी जोडणी एलपीटी१ ची (जुन्या रुंद केबलच्या खाचेची) असते, नव्या मशीनला बहुधा ती खाचच नसते. छपाईचे आदेश रांगेत साचत राहतात, कागद हलत नाही. पोर्ट्स टॅबमध्ये जाऊन चालू असलेला यूएसबी००१ किंवा ००२ निवडला, स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) थांबवून अडकलेली रांग साफ केली की काम सुरू होतं. डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीच्या) धाटणीचं सॉफ्टवेअर थेट एलपीटी१ कडे छापत असेल तर प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ या आदेशाने जोडावा लागतो. ती जोडणीही बॅकअपमध्ये नसते.

आणि फॉन्ट. आपल्याकडे एकाच नोटिशीत मराठी नि कन्नड दोन्ही लागतं. मराठीच्या श्रीलिपीचे किंवा कन्नडच्या नुडीचे जुने फॉन्ट नव्या मशीनवर नसतील तर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी छापली जाते. हा दोष प्रिंटरचा नव्हे. फॉन्ट वेगळे घ्यावे लागतात.

संगणक बसवायला येणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांना मशीन चालू करून देण्याचेच पैसे ठरलेले असतात. राग आहे तो एवढी साधी गोष्ट खरेदीच्या कागदात कुणी लिहीत नाही याचा. ३१ मार्चच्या तोंडावर मशीन बदलणाऱ्या संस्थांच्या संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे: ‘जुन्या प्रिंटरची सेटिंग नव्या संगणकावर बसवून पासबुकाची एक नोंद आणि सलग कागदाची दहा पानं छापून दाखवावीत’ एवढं वाक्य ठरावात घाला, आणि ती पानं डोळ्यांनी बघूनच बिलावर सही करा.

आपली नियमित वाचक,
एक डीटीपी व्यावसायिक, खानापूर (जि. बेळगाव)