पुण्याच्या कॅम्पातल्या शिंपी मास्तरांना, एका जुन्या कोटाबद्दल

आदरणीय मास्तर,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून असं चारचौघांत लिहितोय, त्याला कारण आहे. दुकानात आभार मानायला लागलं की तुम्ही मान खाली घालून टेप उचलता आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारता. माझं बोलणं तोंडातच राहतं. नाव-पत्ता मात्र लिहीत नाही. दिवाळीपर्यंत हातातलंच काम उरकत नाही, आणखी माणसं पाठवू नकोस, असं तुम्हीच बजावलंय.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो माझ्या लग्नातला सूट घेऊन. मोठ्या दुकानातून, भरपूर पैसे मोजून घेतलेला. थोड्याच ड्रायक्लीननंतर कोटाच्या छातीवर फुगे आले होते, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीचा रंग फुगतो तसे. तुम्ही कोट टेबलावर पसरलात, खालच्या काजाजवळचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलंत आणि थर वेगळे होतात का ते पाहिलंत. झाले नाहीत. "चिकटवलेला आहे," म्हणालात. "आतला गोंद सुटलाय. इस्त्री मारली की चार दिवस बसेल, परत सुटेल. पैसे घेईन मी, पण काम व्हायचं नाही."

मास्तर, इस्त्री मारून, दोन-तीनशे रुपये घेऊन मला वाटेला लावणं सोपं होतं. मला त्यातलं काही कळलंही नसतं. तुम्ही काम नाकारलंत आणि वर अर्धा तास मोडून कोट आतून कसा असतो ते दाखवलंत. माझ्या आभाराची सुरुवात तिथून आहे.

फळीवरून कॅनव्हासचा एक तुकडा काढलात. उभा धागा सुती, आडव्यात घोड्याच्या शेपटीचे केस. मुठीत चुरगळून सोडलात तर तो उसळून सरळ झाला. चांगल्या कोटात बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये हा असतो, आणि तो चिकटवत नाहीत, टाक्यांनी धरतात. म्हणून तो अंगाबरोबर हलतो आणि वापरून वापरून माणसाच्या छातीचा आकार घेतो. चिकटवलेल्या कोटाला ते जमत नाही. तो पहिल्या दिवशी सगळ्यात छान दिसतो आणि तिथून उतरणीला लागतो.

नवा कॅनव्हासचा कोट शिवायची तेव्हा माझी ऐपत नव्हती. तुम्ही म्हणालात, "मग जुना बघ. फक्त खांदा बघून घे. कंबर, बाही, अस्तर सगळं करता येतं. खांदा उघडायचा म्हणजे नवा कोट शिवण्याइतकं काम." हे एक वाक्य मी कितीतरी मित्रांना ऐकवलं असेल. कपड्यांच्या दुकानात आजवर कुणीच मला इतकं उपयोगाचं काही सांगितलेलं नव्हतं.

आपला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एका रविवारी, पितळी नळ आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यांच्या शेजारी, एक करडा लोकरी कोट मिळाला. अस्तर काखेत फाटलेलं, कंबर ढगळ, बाह्या अंगठ्यापर्यंत आलेल्या, डाव्या खिशाच्या वर कसरीनं केलेलं भोक. पण खांदा माझाच होता. तिथेच उभ्या उभ्या चिमटीत कापड धरून पाहिलं आणि मधला थर बोटांना वेगळा लागला. तेव्हाचा आनंद मला अजून नीट सांगता येत नाही.

तुम्ही अस्तर उसवलंत आणि लॅपल, म्हणजे कॉलरखालचा छातीवर दुमडलेला भाग, उलटा करून दिव्याखाली धरलात. आतून तिरके बारीक टाके, ओळीला लागून ओळ, शेकडो. लॅपल डाव्या हाताच्या बोटांवर वाकवून धरायचा आणि त्या वाकातच टाका घालायचा, म्हणजे वाक कापडात कायमचा राहतो, हे तुम्ही करूनच दाखवलंत. सुईनं बाहेरच्या कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलायचा, दर्शनी बाजूला काही उमटता कामा नये. कोण होता तो कारागीर, कुठल्या गावचा, काही कळायला मार्ग नाही. कोटावर लेबलसुद्धा उरलं नव्हतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, टाक्यांवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हात चांगला होता."

त्या कारागिरानं पाठीच्या मधल्या शिवणीत, दोन्ही बाजूंच्या शिवणींत आणि बाहीच्या टोकाला भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, सोडली होती. कंबर तुम्ही आत घेतलीत तेव्हा वाढलेलं कापड कापून टाकाल असं मला वाटलं. तुम्ही ते आत दुमडून ठेवलंत. "उद्या तू सुटलास तर? आणि तुझ्यानंतर कुणी घातला तर?" मला हे फार मोठं वाटतं, मास्तर. पुढे कधीतरी कुणीतरी ही वस्तू उघडणार आहे, असं धरूनच तो माणूस शिवत होता आणि तुम्हीही तसंच शिवता. चांगली वस्तू ओळखायची माझी खूण आता हीच आहे: ती उघडता येते का, आणि उघडणाऱ्यासाठी तिच्यात काही राखून ठेवलंय का. किंमत, ब्रँड, कापडाची झळाळी हे सगळं त्याच्या मागून.

भोकासाठी तुम्ही मला ज्या रफूगार चाचांकडे पाठवलंत, त्यांनाही इथेच नमस्कार. त्यांनी त्याच कोटाच्या आतल्या मायेतून धागे ओढून काढले आणि भोकावर आधी उभे, मग त्यांच्याखालून-वरून आडवे विणत गेले. कापड जसं मागावर विणलं गेलं असेल तसंच, फक्त सुईनं. ती जागा आता मला स्वतःलाही शोधावी लागते.

पुण्याच्या हवेत कोट कशाला, असं मला घरातूनच ऐकावं लागतं. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांची छायाचित्रं पाहा, पगडी आणि उपरण्याबरोबर अंगात कोट आहेच. कॅम्पात तर लष्करामुळे ही विद्या मुरलेली. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, 1955 पासून खडकवासल्याला लष्करी अधिकारी घडवणारी एनडीए, आणि तुमच्या वडिलांनी अधिकाऱ्यांचे मेस ड्रेस शिवण्यात आयुष्य घालवलं. उकाड्याचं उत्तरही तुमच्याकडे होतंच. नवं अस्तर पूर्ण घातलं नाहीत, पाठीचा खालचा भाग मोकळा सोडलात, म्हणजे वारा खेळतो. पुढे कधी नवा शिवायचा झाला तर मीटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपासची, मोकळ्या विणीची लोकर घे, असंही सांगून ठेवलंत. डिसेंबरातल्या संध्याकाळीच काय, फेब्रुवारीतल्या लग्नातही मी तो कोट अंगावरून काढला नव्हता.

सांभाळायचं कसं, तेही तुमच्याकडूनच शिकलो. घालून झाला की ब्रशनं झटकायचा, रुंद खांद्याच्या हँगरवर एक दिवस उघड्यावर टांगायचा, सुरकुत्या आपोआप बसतात. ऊठसूट ड्रायक्लीनला द्यायचा नाही. पावसाळ्याआधी मात्र स्वच्छ करूनच कपाटात ठेवायचा, कारण कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी पडते. आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी कपाट उघडं ठेवायचं, नाहीतर बुरशी धरते. आमच्या घरी आता हे सगळे नियम पाळतात, अगदी आईच्या शालींसाठीसुद्धा.

तुमच्यामुळे नजर बदलली ती कोटापुरती राहिली नाही. बूट घेताना आता तळ चिकटवलेला आहे की कडेच्या चामडी पट्टीला शिवलेला, ते वाकून बघतो. शिवलेला तळ झिजला की मोची उसवून नवा लावून देतो, वरचं चामडं तेच राहतं. वडिलांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ खणात पडून होतं, ते घड्याळजींकडे नेलं. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली आणि 2016 मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. पण घड्याळजींनी मागचं झाकण काढलं, साफ केलं, तेल दिलं, आणि रोज सकाळी चावी दिली की ते चालतंय. बनवणारी कंपनी उरली नाही तरी उघडता येणारी वस्तू दुसऱ्या कुणाच्यातरी हातात जगते, हे मला तुमच्या टेबलापाशी उभं राहिलो नसतो तर दिसलं नसतं.

तुमच्याकडे मशीनवर बसतो त्या मुलाचेही आभार मानायचे राहिले. बाह्यांची काजं त्यानं हातानं केली आहेत. रेशमी दोऱ्याचा प्रत्येक वेढा शेजारच्याला टेकलेला, कुठे फट नाही. लॅपलचे टाके शिकायला कुणी टिकत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. हा टिकेल, मास्तर. माझी ट्रायल चालू असताना तो स्वतःचं काम थांबवून तुमच्या हाताकडे बघत होता.

दिवाळी उरकली की येतो. करड्या कोटावर घालायला दोन पँट करायच्या आहेत, कापड घेऊन ठेवलंय. पायाची मोहरी तुम्ही म्हणाल तेवढी रुंद, आणि कमरेला मागच्या शिवणीत दोन इंच माया. एकच विनंती, या वेळी पैसे पूर्ण लावा. मागच्या बिलात कॉलरचं काम आणि दुसरी ट्रायल तुम्ही धरलीच नव्हती, घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तेही यात मिळवा, आणि काजांचे त्या मुलाच्या हातात वेगळे द्यायचे आहेत.

तुमचं एक गिऱ्हाईक,
पुणे