दिव्यांची माळ आणि गादीची शिवण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला वसतिगृहावरचा लेख वाचला. लेखिकाबाईंनी वसतिगृह पाहिलंय की वसतिगृहाचे फोटो, एवढंच कळलं नाही. सोबतच्या चित्रात एकच पलंग, खिडकीत कुंडी, भिंतीवर दिव्यांची माळ. तिघींच्या खोलीत चालू प्लग एकच असतो आणि तो कपाटामागे असतो, हे चित्रकाराला कोण सांगणार?

मी वसतिगृहात तीन वर्षं काढली. घर सोडताना माझ्याही डोक्यात तेच होतं: रात्र रात्र गप्पा, विचारणारं कुणी नाही. रात्री जागवल्या खऱ्या, पण ढेकणांपायी.

दुसऱ्याच महिन्यात दंडावर लाल गांध्या उठल्या, एका ओळीत तीन-तीन, चार-चार. दवाखान्यात अ‍ॅलर्जी म्हणून मलम मिळालं. साबण बदलून झाला. शेवटी एकदा रात्री 2 वाजता रूममेटने गादीची कड उचलून मोबाइलचा उजेड पाडला. शिवणीलगत काळे ठिपके, बॉलपेन गळल्यासारखे, आणि त्यांतून सफरचंदाच्या बीएवढा एक सावकाश चालत निघालेला. त्याला अजिबात घाई नव्हती. खोली त्याची, आम्ही भाडेकरू.

सकाळी वॉर्डनबाईंकडे गेलो. ‘तुमच्यापैकीच कुणाच्या तरी बॅगेतून आले असतील.’ बॅगेतून येतात हे खरंच आहे. पण आमच्या आधीच्या मुलींनाही बॅगा होत्याच की, आणि गाद्या त्याच! ढेकूण रक्ताशिवाय महिनोन्महिने तग धरतो, सुट्टीत खोली रिकामी राहिली म्हणून उपाशी मरत नाही. हे सांगू लागलो तर ‘आधी खोली नीट झाडत जा’. झाडून ढेकूण जात असते तर आणखी काय हवं होतं?

मग फवारणी झाली. एकदाच, आणि फक्त आमच्या खोलीत. गाद्या 11 दारांसमोरून ओढत गच्चीवर नेल्या, म्हणजे बाकीच्या मजल्याचीही सोय झाली. औषधाने अंडी सहसा मरत नाहीत. ती साधारण 8-10 दिवसांत फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागतं, शेजारच्या खोल्याही बघाव्या लागतात. हे फवारणीवाल्यानेच आम्हाला सांगितलं. ‘मग दुसऱ्यांदा कधी येणार?’ विचारलं तर म्हणाला, ‘मला एकदाचंच सांगितलंय.’ बाराव्या दिवशी माझ्या मानेवर नवी ओळ.

वर्षाअखेरी अनामत परत मिळाली ती फवारणीचा खर्च कापून. पावतीवर कारण: ‘मालमत्तेचे नुकसान’. कुणाची मालमत्ता आणि कुणाचं नुकसान, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

रूममेट जिवलग होतात, हे मात्र लेखात बरोबर आलंय. पहाटे साडेतीनला एकीने उजेड धरायचा आणि दुसरीने ओल्या साबणाच्या वडीने ढेकूण टिपायचे, यातून जी मैत्री जुळते ती सुटत नाही. तिसरी खुशाल झोपलेली असायची. काहींना ढेकूण चावले तरी गांध्या उठत नाहीत, तिला उठत नव्हत्या. त्यामुळे आम्ही दोघी नाटकं करतो असं तिचं वर्षभर ठाम मत होतं. (अजूनही असेल.)

खोली सजवायच्या युक्त्याही वाचल्या. भिंतीवर फोटो लावा म्हणे. फोटोच्या चौकटीमागे ढेकूण फार आवडीने राहतात, हेही छापायचं होतं. सामान टेकवण्याआधी गादी उलटी करा, शिवण आणि पलंगाच्या फटी बघा, एवढ्या एका ओळीला पानभर लेखात जागा निघाली नाही? दिव्यांच्या माळेला दोन परिच्छेद निघाले.

आणि लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं ‘पुढील अंकी’ असं सलग तिसऱ्या आठवड्यात छापून आलंय. 14 आडवा मला अजून सुटलेला नाही. कृपया या रविवारी तरी द्यावीत.

आपली,
एक जुनी वसतिगृहवासी