कार चार्जिंगच्या स्विच-बॉक्समधील धोकादायक जोडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्चमध्ये आपल्या माणसांनी इंदिरानगर, नाशिक येथील आमच्या घरी कार चार्जिंगचा बॉक्स बसवला. आमचा मंजूर भार ५ किलोवॅट. चार्जर ३.३ चा, गिझर ३ चा. म्हणून गिझर लावला की गाडीचं चार्जिंग आपोआप थांबावं, एवढीच आमची मागणी होती. ते काम बॉक्स चोख करतो. तक्रार आतल्या जोडणीची आहे.

परवा रात्री पार्किंगमध्ये जळका वास आला. बॉक्सवर हात ठेववेना. मेन स्विच पाडून ओळखीच्या वायरमनने झाकण उघडलं, तर न्यूट्रलची (वीज परत नेणारी) वायर स्क्रूखालून अलगद हातात आली. टोकाला लग (धातूची टोपी) नाही, वायरच्या अर्ध्या बारीक तारा बाहेर, भोवतालचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. आपले इंजिनिअर फोनवर म्हणाले, ‘‘असल्याच वायरवर गिझर चालतो की!’’ अहो, गिझर १५ मिनिटं चालतो. गाडी रात्री ११ ला लावली की सकाळी ६ पर्यंत सलग १४-१५ अँपिअर ओढते. ढिला स्क्रू तेवढ्यात भाजून निघतो.

हेही पोटात घातलं असतं. पण बसवताना गाडीच्या चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागला होता आणि आपल्या मेकॅनिकने दहा मिनिटांत तो हिरवा करून दाखवला होता. मी त्याला चहा पाजला! आता सॉकेट उघडल्यावर कळलं: अर्थिंगची हिरवी वायर सोडून तिला टेप गुंडाळलेली, आणि अर्थच्या पिनला न्यूट्रलमधून बोटभर वायरचा तुकडा जोडलेला. न्यूट्रललाच अर्थिंग समजून दिवा फसला. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल. गाडी रबरी टायरवर, म्हणजे तो जाणार हात लावणाऱ्याच्या अंगातून. आणि वर लिहिलेला ढिला स्क्रू त्याच न्यूट्रलचा आहे. माझी आई रोज सकाळी गाडीला टेकून, ओल्या फरशीवर अनवाणी तुळशीला पाणी घालते.

कोटेशनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) होता, पैसेही घेतले. बॉक्समध्ये नुसता एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच) निघाला. आरसीसीबीवर असतं ते टेस्टचं बटणच नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

आठ दिवसांत परवानाधारक माणूस पाठवून बॉक्स बदलून द्यावा, आरसीसीबी बसवावा, अर्थिंग नीट करून त्याचं ओहममधलं रीडिंग सहीनिशी लिहून द्यावं. तोच मेकॅनिक नको. अन्यथा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

फोटो जोडले आहेत. जळलेला टर्मिनल आणि तो वायरचा तुकडा माझ्याकडे डबीत ठेवला आहे. येणाऱ्याला दाखवीन, देणार नाही.

आपला,
एक ग्राहक
इंदिरानगर, नाशिक