विज्ञान प्रदर्शनात गिटारलाही टेबल द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या नववीतल्या मुलीने घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेत नेली होती. 'हे वाद्य आहे, गॅदरिंगला आण,' असं सांगून ती परत पाठवली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण असं उत्तर कुठल्याही शाळेत मिळालं असतं. म्हणूनच हे पत्र.

चोपड्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात केळीच्या बागांवरच्या जळालेल्या मोटरींनी दुकान भरलेलं असतं, पाऊस लागला की काम ओसरतं. त्या मोकळ्या दिवसांत आम्ही बापलेकीने ही गिटार केली. गिटारचं धड सागवानाचं, पाडलेल्या एका घराच्या चौकटीचं. वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड, वाक धरत नाही. मान मात्र नुसत्या लाकडाच्या भरवशावर सोडता येत नाही. सहा तारांची मिळून ओढ साधारण 45 किलो भरते, म्हणून मानेच्या पोटात लोखंडी सळई बसवावी लागते.

गिटारचा जीव तिच्या पिकअपमध्ये असतो, म्हणजे चुंबकावरच्या कॉइलमध्ये. छताच्या पंख्याला मी 36 नंबरची तार भरतो. इथे 46 नंबर लागते, जाडी 0.06 मिलिमीटर, आणि फेरे सात-आठ हजार. मुलगी मशीनचं हँडल फिरवायची. मी मऊ कापडाच्या घडीतून तार सोडायचो. चिमटी जरा घट्ट झाली की तार तुटते, सैल सोडली की कॉइल पोकळ भरते, आणि पोकळ कॉइल मोठ्या आवाजाला शिट्टी मारते. म्हणून ती शेवटी वितळलेल्या मेणात बुडवायची, जसं आम्ही मोटरला वार्निश पाजतो. एक शेतकरी हे बघत उभे होते. म्हणाले, "इतली बारीक तार कोनती मोटरले लागस, भाऊ?" मी मल्टिमीटर लावून दाखवला. कॉइलचा रोध साडेसहा किलोओहम.

फॅरेडेने 1831 मध्ये शोधलेला नियम मुलीच्या परीक्षेत पुढच्या वर्षी येईल, पण तिला तो आत्ताच हाताला लागला आहे. चुंबकावर पोलादी तार थरथरली की कॉइलमध्ये वीज तयार होते. आपल्या घरातली लाइट 50 सायकलची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची; गिटारची सगळ्यात जाड तार 82 सायकलची वीज काढते. ट्यूबलाइटजवळ गिटार गुणगुणायला लागली तेव्हा कारणही तिनेच शोधलं: तीच घरातली 50 सायकल कॉइलमध्ये शिरत होती. दोन कॉइल उलटसुलट जोडून, चुंबकांची तोंडंही उलटी ठेवून ही गुणगुण मारता येते. 1955 च्या सुमारास अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी हेच केलं. आम्ही दुसरी कॉइल आता भरतो आहोत.

गणितही आहेच. तारेची लांबी 648 मिलिमीटर धरली तर तिला 17.817 ने भागायचं, पहिला पडदा, म्हणजे सूर बदलायला जिच्यावर तार दाबतात ती मानेवरची आडवी पट्टी, 36.4 मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर, 324 वर पडतो. तो तसा पडला तेव्हा पोरीने पट्टी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. आपल्याकडच्या कोरड्या मे महिन्यात लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं बोटाला टोचू लागतात, तेही ती कानस घेऊन घासते. यातलं काय विज्ञान नाही, ते मला कोणीतरी सांगावं.

क्वीन बँडचे ब्रायन मे यांनी 1963 पासून वडिलांच्या हाताखाली अशीच गिटार बनवली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची होती. पुढे 2007 मध्ये ते खगोलभौतिकीत पीएच.डी. झाले.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. स्वतः बनवलेलं वाद्य, मग ती गिटार असो की एकतारी, विज्ञान प्रदर्शनात घ्यावं आणि परीक्षकांनी ते मुलांकडून उघडून समजून घ्यावं. मोटर भरणारे कारागीर खानदेशात गावोगाव आहेत, त्यांना शाळेत बोलवावं. आमच्या तालुक्यातल्या ज्या शाळेला कॉइल भरून पाहायची असेल तिने पावसाळ्यात मुलं दुकानात पाठवावीत. मशीन आहे, तार मी देईन.

आपला,
एक मोटर रिवाइंडर, चोपडा (जि. जळगाव)