होसे मासेदांचं संगीत शाळेत करताना

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

फिलिपिन्सचे संगीतकार होसे मासेदा यांचं संगीत मुलांपर्यंत न्यायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. आधी ऐकवू नकोस, बांबू हातात दे.

मासेदा मूळचे पियानोवादक. जन्म १९१७चा, मनिलाचा. पॅरिसला नामवंत पियानोवादक आल्फ्रेड कोर्तोंकडे शिकले. पुढे १९५०च्या दशकात ते फिलिपिन्सच्या गावोगावी ध्वनिमुद्रणं करू लागले. मागिंदानाओ लोकांच्या कुलिंतांगवर त्यांनी पीएचडी केली. मधोमध बोंड असलेल्या ८ गाँगची ही ओळ चौकटीतल्या ताणलेल्या दोऱ्यांवर ठेवतात. प्रत्येक संचाचे सूर वेगळे, त्यामुळे पियानोचा कान तिथे फसतो. आपण तंबोऱ्याला आधारसूर मानतो. मासेदांच्या मांडणीत एकसारखा पडत राहणारा ठोकाही आधारच.

आता बालिंगबिंग, म्हणजे हातावर आपटून वाजवायचं बांबूचं वाद्य. पातळ भिंतीच्या बांबूचं एक कांडं घे, खालची गाठ राहू दे. वरचा भाग समोरासमोर तासून दोन जिभा काढ. त्यांच्यामधली चीर थोडी खाली उतरू दे आणि तळाशी अंगठ्यासाठी भोक पाड. जिभा तळहाताच्या टाचेवर आपटल्या की झणझणतात. भोक झाकलं-उघडलं की आवाज बदलतो. जिभा जाड राहिल्या तर नुसता ठप्प आवाज येतो. ओला बांबू वाळताना चीर भोकापर्यंत धावते, म्हणून चिरेच्या मुळाशी दोरा घट्ट बांध. सहा मुलं, ठोका एकच, पण प्रत्येकाने एक मात्रा उशिरा शिरायचं. मुलं शेजाऱ्याचं ऐकून त्याच्याबरोबर वाजवू लागतात आणि सगळी वीण उसवते. दोघांना आधी पक्कं बसव, मग तिसरा घे.

हे जमलं की ‘उग्नायान’ कर. १ जानेवारी १९७४ला, लष्करी कायद्याच्या काळात, सरकारी पाठबळावर ही ५१ मिनिटांची रचना मनिलाच्या २० रेडिओ केंद्रांवरून एकाच वेळी प्रसारित झाली. प्रत्येक केंद्रावर वेगळा पदर! घरी एकच रेडिओ लावणाऱ्याला विसावा हिस्साच ऐकू येणार; पूर्ण रचना ऐकायची तर ट्रान्झिस्टर घेऊन चौकात जमायलाच हवं. श्रोत्यालाच वादक करणारी ही कल्पना मला त्यांच्या सगळ्या कामात मोठी वाटते. त्याआधी १९७१ मध्ये ‘कॅसेट्स १००’साठी १०० माणसं कॅसेट रेकॉर्डर घेऊन सभागृहाच्या लॉबीत फिरली होती.

तुझ्याकडे २० मोबाइल सहज जमतील. प्रत्येकात वेगळं ध्वनिमुद्रण टाक, आवाज मध्यम ठेव, मैदानभर पांगव. सगळे एका टेबलावर ठेवलेस तर नुसता गोंगाट होईल. अंतर आणि चालणं, दोन्ही हवंच.

त्यांची ध्वनिमुद्रणं फिलिपिन्स विद्यापीठात, दिलिमानला आहेत. २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत ती आली. मासेदा २००४ मध्येच गेले होते.

बांबू या आठवड्यातच तोडून सावलीत वाळत घाल.

तुझा,
अविनाश